‘वोक’ : एका इशाऱ्याची शिवी होताना

गेल्या काही वर्षांत ‘वोक’ हा शब्द मराठीत रुळला आहे. चित्रपटातली नायिका जरा जास्त ठामपणे बोलली की चित्रपट ‘वोक’ ठरतो. वर्गात जातिवाचक विनोदाला हरकत घेणारी मुलगी ‘वोक’ ठरते. जाहिरात, पाठ्यपुस्तक, विद्यापीठातली एखादी चर्चा, काहीही नापसंत असले की हा एक शब्द पुरतो. वापरणाऱ्यांना तो अमेरिकेतून आला एवढे ठाऊक असते. अमेरिकेत तो कोणी घडवला आणि कोणत्या संकटात घडवला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. ते माहीत करून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी हा शब्द जीव वाचवण्यासाठी वापरला, त्यांनाच गप्प करायला तो आज वापरला जातो. आणि ज्या महाराष्ट्राचे त्या लोकांशी दीडशे वर्षांचे वैचारिक नाते आहे, त्याने हा शब्द उचलला तो त्यांच्या विरोधकांच्या तोंडून.

मुळात ‘वोक’ हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतला शब्द. प्रमाण इंग्रजीत जागा असलेल्या माणसाला ‘अवेक’ म्हणतात; ‘वोक’ हे ‘जागा झाला’ या अर्थाचे क्रियापदाचे भूतकाळी रूप. कृष्णवर्णीयांच्या बोलीत मात्र ते विशेषण म्हणून चालते, आणि ‘स्टे वोक’ म्हणजे जागा राहा, सावध राहा. शाळेतल्या शिक्षकांच्या लेखी ही कित्येक पिढ्या चूकच होती. या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे हे मान्य व्हायला फार काळ जावा लागला. १९७९ मध्ये मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरच्या खटल्यात न्यायालयाने शाळांना सांगितले, की मुलांची घरची बोली लक्षात घेऊन त्यांना वाचायला शिकवा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाने १९९६ मध्ये या बोलीची दखल घेणारा ठराव केला तेव्हा देशभर टिंगल झाली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेला जाहीर करावे लागले, की ही बोली नियमबद्ध आहे आणि तिला बिघडलेली भाषा म्हणणे चुकीचे आहे. जिथे वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसू ऐकून घ्यावे लागते, त्या आपल्या समाजाला ही कहाणी परकी वाटू नये. बोलणाऱ्याला अशुद्ध ठरवायचे आणि त्याच्या बोलीतला चटकदार शब्द मात्र उचलून न्यायचा, हा व्यवहार आपल्याही ओळखीचा आहे.

या शब्दाचा सर्वांत बोलका जुना पुरावा एका खटल्याशी जोडलेला आहे. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामा राज्यातून जाणाऱ्या मालगाडीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांची मारामारी झाली. महामंदीचे दिवस होते. काम शोधत फिरणारी पोरे अशी फुकट प्रवास करत. पेंट रॉक नावाच्या ठिकाणी गाडी अडवली गेली आणि नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडण्यात आले. गाडीतच असलेल्या दोन गोऱ्या तरुणींनी त्यांच्यावर बलात्काराचा आरोप केला. वैद्यकीय तपासणीतून आरोपाला आधार मिळाला नाही. तरीही स्कॉट्सबरो या गावात, बाहेर संतप्त जमाव उभा असताना, जेमतेम दोन आठवड्यांत खटले उरकले गेले आणि नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. नववा तर बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी रुबी बेट्स हिने न्यायालयात येऊन सांगितले, की आरोप खोटा होता. तरी ज्यूरीने पुन्हा दोषीच ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात दोनदा हस्तक्षेप केला. १९३२ मध्ये आरोपींना धड वकीलही मिळाला नव्हता म्हणून, आणि १९३५ मध्ये ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळले जात होते म्हणून. देहदंड टळला, पण त्या मुलांची तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली. त्यांच्यापैकी शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ मध्ये, ते तिघेही मरून गेल्यावर.

या मुलांवर लेडबेली या नावाने प्रसिद्ध असलेल्या गायकाने गाणे रचले. हडी लेडबेटर हे त्याचे मूळ नाव. लुइझियानात जन्मलेला, दक्षिणेतल्या तुरुंगांत वर्षे काढलेला हा माणूस ज्या मुलखाबद्दल बोलत होता, तो त्याने सोसलेला होता. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणे संपल्यावर तो साध्या बोलण्यात ऐकणाऱ्यांना सल्ला देतो : त्या भागातून जाल तेव्हा जपून राहा, डोळे उघडे ठेवा, ‘स्टे वोक’. आज त्या शब्दाला चिकटलेले काहीही तिथे नाही. त्यात घोषणा नाही, मोठेपणा नाही, कुणाला शिकवणे नाही. एक माणूस दुसऱ्याला परत घरी कसे पोचायचे ते सांगतो आहे.

असे सांगणे किती गरजेचे होते हे त्या काळातल्या एका छोट्या पुस्तकावरून कळते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून कृष्णवर्णीय वाहनचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. कोणत्या गावी जेवण मिळेल, कुठे रात्री उतरता येईल, कुठे पेट्रोल भरू देतील, याची ती यादी असे. सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीय माणूस दिसता कामा नये असा दंडक असलेली गावे अमेरिकेत दक्षिणेत होती तशी उत्तरेतही होती. अशा देशात सावधपणा हा स्वभावाचा भाग नसतो, तो प्रवासाच्या सामानाचा भाग असतो. ग्रीनने ते ज्ञान छापून दिले. लेडबेलीने दोन शब्दांत सांगितले. ‘वोक’चा पहिला अर्थ हा आहे, आणि तो विसरून या शब्दावर वाद घालणे अप्रामाणिक आहे.

पुढे अर्थ रुंदावला. विल्यम मेल्विन केली या तरुण कृष्णवर्णीय कादंबरीकाराने मे १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवार पुरवणीत लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘वोक’ होते. तोवर जाणता, चालू घडामोडींची आतली खबर असलेला, असा अर्थ या शब्दाला आला होता. लेखाचा विषय होता कृष्णवर्णीयांच्या बोलीतले शब्द गोरे तरुण कसे उचलतात हा. केलीचे निरीक्षण असे, की शब्द गोऱ्यांच्या तोंडी बसू लागला की कृष्णवर्णीय तो टाकून देतात किंवा त्याचा अर्थ फिरवतात, कारण आपसांत बोलायला त्यांना काहीतरी आपले असे हवे असते. साठ वर्षांनंतर त्याच शब्दाचे जे झाले ते पाहता हा लेख भविष्यवाणीसारखा वाटतो. ज्या बोलीतून मालकाला, पोलिसाला, शेरीफला कळू नये असे काही बोलता येत होते, ती बोली बाजारात आली की बोलणाऱ्याचा आडोसा जातो. बोलीचे शब्द उचलले गेल्याने नेमके काय हरवते, असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे.

त्याच दशकात जागे राहण्याची प्रतिमा चळवळीच्या केंद्राशी आली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३१ मार्च १९६८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये जे प्रवचन दिले, त्याचा विषयच महान क्रांतीच्या काळात जागे राहणे हा होता. रिप व्हॅन विंकलच्या गोष्टीतला माणूस वीस वर्षे झोपला, एवढेच आपण लक्षात ठेवतो, असे ते सांगतात. तो डोंगरावर गेला तेव्हा खानावळीच्या पाटीवर इंग्लंडच्या राजाचे चित्र होते, उतरला तेव्हा तिथे जॉर्ज वॉशिंग्टनचे चित्र होते. मधल्या क्रांतीत तो झोपून राहिला, ही खरी शोकांतिका. या प्रवचनानंतर चार दिवसांनी किंग यांची हत्या झाली. लेडबेलीच्या इशाऱ्यात जागेपणा स्वतःच्या जिवासाठी होता. किंग यांच्याकडे येईतो तो संपूर्ण समाजाकडून मागितलेले कर्तव्य झाला होता.

एकविसाव्या शतकात गायिका एरिका बडू हिच्या २००८ मधल्या अल्बममधून हा वाक्प्रयोग नव्या पिढीच्या कानी पडला. २०१२ मध्ये फ्लोरिडात सतरा वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला गोळी घातली गेली आणि पुढच्या वर्षी गोळी घालणारा निर्दोष सुटला. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मिझुरीतल्या फर्ग्युसनमध्ये अठरा वर्षांच्या मायकल ब्राउनला पोलिसाने ठार केले. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या निदर्शनांत ‘स्टे वोक’ पुन्हा जुन्या अर्थाने फिरू लागले : पोलीस काय करतात ते पाहा, चित्रित करा, एकमेकांना कळवा. जागा स्कॉट्सबरोपासून दूर होती, इशारा तोच होता. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने या नव्या अर्थासह शब्दाची नोंद केली.

इथून घसरण सुरू झाली, आणि ती शब्दाच्या मित्रांनी सुरू केली. ज्यांना पोलिसांची भीती कधी वाटली नव्हती, त्यांनी ‘मी वोक आहे’ असे म्हणायला सुरुवात केली. ‘जागा राहा’ ही सूचना असते. ‘मी जागा आहे’ हे प्रमाणपत्र असते. सूचनेत भीती आणि जबाबदारी होती, प्रमाणपत्रात प्रतिष्ठा आली. कंपन्यांनी ती प्रतिष्ठा ताबडतोब हेरली. एप्रिल २०१७ मध्ये पेप्सीने एक जाहिरात काढली. तिच्यात केंडल जेनर ही प्रसिद्ध मॉडेल मोर्चातून पुढे येऊन पोलिसाच्या हाती शीतपेयाचा कॅन देते आणि सगळे आनंदी होतात. संताप एवढा उसळला की दुसऱ्याच दिवशी जाहिरात मागे घ्यावी लागली. समाजमाध्यमांवर दुसऱ्याच्या एका चुकीच्या शब्दावरून त्याला जाहीर शिक्षा देणे हाही जागेपणाचा पुरावा मानला जाऊ लागला. २०१९ मध्ये शिकागोत तरुणांसमोर बोलताना बराक ओबामा यांनी या वृत्तीवर बोट ठेवले. आपण सदैव शुद्ध, कधीही तडजोड न करणारे, राजकीयदृष्ट्या सदैव ‘वोक’ आहोत ही कल्पना लवकर सोडून द्या, जग गुंतागुंतीचे आहे, असा त्यांचा रोख होता. कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्होर्टर यांनी २०२१ मध्ये या प्रवृत्तीवर अख्खे टीकात्मक पुस्तक लिहिले. ही टीका मला गंभीर वाटते. विद्यापीठांत आणि माध्यमांत भाषेवरची पहारेदारी खऱ्या प्रश्नांची जागा घेते, तेव्हा नुकसान त्या प्रश्नांचेच होते.

पण ओबामा आणि मॅकव्होर्टर यांची टीका आणि ‘वोक’ ही शिवी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांनी कोणती वर्तणूक चुकीची हे सांगितले. शिवीला ते सांगावे लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी शाळा, विद्यापीठे आणि कंपन्यांतल्या वंशविषयक शिकवणीवर बंधने घालणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच्या प्रचारातल्या नावाची आद्याक्षरे जुळवून ‘स्टॉप वोक’ असे केले होते. त्याच वर्षअखेर, या कायद्याशी संबंध नसलेल्या एका खटल्यात, गव्हर्नरांच्या प्रमुख कायदेशीर सल्लागाराला या शब्दाचा अर्थ विचारला गेला. अमेरिकी समाजात व्यवस्थेत मुरलेले अन्याय आहेत आणि ते दूर केले पाहिजेत, असे मानणे म्हणजे ‘वोक’, असे त्याने सांगितले. ही व्याख्या प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच धक्कादायक आहे. या अर्थाने पाहिले तर गुलामगिरी संपवणारा लिंकनही ‘वोक’ आणि किंगही ‘वोक’. मार्च २०२३ मधल्या ‘यूएसए टुडे’ आणि इप्सॉस यांच्या पाहणीत ५६ टक्के अमेरिकनांना या शब्दाचा अर्थ सामाजिक अन्यायांची जाणीव असणे असा वाटला, तर ३९ टक्क्यांना दुसऱ्यांच्या बोलण्यावर पहारा ठेवणे असा. एकाच देशात, एकाच वर्षी, एकच शब्द अर्ध्यांना सद्गुण आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांना दुर्गुण वाटत असेल, तर त्या शब्दाने वाद होऊ शकतो, विचार होऊ शकत नाही.

भाषा बदलते, शब्दांवर कुणाची मालकी नसते, मग इतका खेद कशाला, असे कोणी म्हणेल. शब्द प्रवास करतात हे खरे आहे. मात्र या शब्दाचा अर्थ सहज वापरातून झिजून बदललेला नाही. प्रचाराने, पैशाने आणि कायद्याच्या नावातून तो बदलवला गेला. यात सर्वांत मोठी हानी होते ती अन्याय सोसणाऱ्याची. ‘माझ्यावर असे घडते’ हे सांगण्यासाठी त्याने घडवलेले साधन त्याच्यावरच उगारले जाते, आणि तो बोलू लागला की बोलण्याआधीच त्याच्यावर शिक्का बसतो. हानी टीकाकाराचीही होते. शब्दावरची दडपशाही, दिखाऊ सद्गुण, निवडक संताप हे खरे आक्षेप आहेत. ते ‘वोक’ या एका गाठोड्यात बांधले की त्यांची धार जाते आणि समोरच्याला ते सहज झटकता येतात.

महाराष्ट्राला या गोष्टीचे सोयरसुतक असण्याचे खास कारण आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे आपल्या विचारवंतांनी फार पूर्वीपासून आपुलकीने पाहिले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. द्यु बॉइस यांनी त्याच वर्षी आस्थेने उत्तर दिले. आंबेडकरांनी १९५६ मध्ये आपल्या ‘जनता’ पत्राचे नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ केले. जागे होणे हेच त्यांच्याही चळवळीचे ब्रीद होते. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय साहित्याची मराठी वाचकांना ओळख करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘दलित पँथर’ उभी केली, तेव्हा ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’चे नाव त्यांनी जाणतेपणी घेतले. या प्रत्येक वेळी उधारी समजून उमजून घेतली गेली होती. त्या लोकांनी काय सोसले, ते कशाविरुद्ध उभे राहिले, हे वाचून आपल्या माणसांनी त्यांच्याकडून काही घेतले. ‘वोक’ हा शब्द आपण तसा घेतला नाही. तो दूरचित्रवाणीच्या वादांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून, शिवी म्हणून तयार होऊन, आपल्याकडे आला.

तो इतक्या सहज रुजला, कारण जमीन आधीच नांगरलेली होती. ‘पुरोगामी’ हा आपल्या शतकभराच्या सामाजिक वादांतून घडलेला शब्द. त्याचे ‘फुरोगामी’ करून झाले. ‘भक्त’ हा तुकोबा-जनाबाईंच्या मुलखातला शब्द; त्याला ‘अंध’ जोडून तो प्रतिपक्षाच्या तोंडावर फेकण्याची सवय दुसऱ्या बाजूने लावून घेतली. दोन्हीकडे पद्धत एकच : समोरचा काय म्हणतो हे ऐकण्याआधी तो कोण आहे ते ठरवून टाकायचे. या पद्धतीने एकही माणूस आपले मत बदलत नाही. आपापल्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतात आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो.

मूळ प्रश्न तर आपल्या अगदी जवळ आले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी याच विषयावर विधेयक संमत केले, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सध्याचे कायदेच याला पुरेसे आहेत, असे त्यांचे कारण होते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय टाळता येणारा नाही. तिथल्या कार्यालयांत जातीवरून भेदभाव होतो का, होत असेल तर वेगळा कायदा हवा का, अशा कायद्याने एका समाजाकडे संशयाने पाहिले जाईल का, हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींवर दोन्ही बाजूंनी गंभीरपणे बोलता येते. ‘हे सगळे वोक खूळ आहे’ या वाक्याने त्यातल्या एकाचेही उत्तर मिळत नाही. ‘विरोध करणारा प्रत्येक जण जातीयवादी’ या वाक्यानेही मिळत नाही.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. हा शब्द वापरायचाच असेल तर लेडबेलीच्या इशाऱ्यापासूनचा त्याचा इतिहास जाणून वापरा. तेवढे करायचे नसेल तर तो बाजूला ठेवा आणि जे खटकते ते त्याच्या नावाने सांगा. चित्रपट बोधप्रद आणि कंटाळवाणा वाटला तर कंटाळवाणा म्हणा. कोणी दुसऱ्याचे बोलणे दाबत असेल तर त्याला दडपशाही म्हणा. कंपनी दुःखाचा व्यापार करत असेल तर तसे स्पष्ट लिहा. आणि वर्गातली ती मुलगी जातिवाचक विनोदाला हरकत घेत असेल, तर तिला नाव ठेवण्याआधी तिची हरकत खरी आहे की नाही, एवढे तपासा. ती खरी असेल तर तिच्या बाजूने उभे राहा.